घरपट्टी आपण भरतो, घर कुणाचं?

(कोरेगाव तालुक्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या बायकांपुढे कोरेगावात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

बैठकीचा निरोप पाठवताना मी एकच गोष्ट सांगितली होती, की येताना घरपट्टीची पावती घेऊन या. मला वाटलं होतं चार-पाच जणी आणतील. पण इथं बघते तर निम्म्याहून जास्त जणींच्या हातात पावत्या आहेत. कुणी पिशवीत घालून आणली, कुणी पोथीत ठेवलेली काढून आणली, एका मावशींनी तर गेल्या पंधरा वर्षांच्या पावत्या सुतळीनं बांधून आणल्यात. म्हणजे कागद सांभाळणारी कोण, ते आधीच कळलं. कागद आपल्या पेटीत असतो. घरातल्या पुरुषाला पावती कुठं आहे विचारा, तो आपल्यालाच हाक मारेल.

आता जरा त्या पावतीवरचं नाव वाचू या. मोठ्यानं वाचा, लाजू नका. ऐका, कुणाच्या नवऱ्याचं नाव आहे, कुणाच्या सासऱ्याचं, कुणाच्या आजेसासऱ्याचं. एक जण म्हणाली, "आमच्यात अजून चुलतसासऱ्यांचंच हाय, त्यास्नी जाऊन बावीस वर्सं झाली." बावीस वर्षं मेलेला माणूस दर वर्षी घरपट्टी भरतोय! बाईचं नाव असलेल्या पावत्या किती? हात वर करा. सहा. त्यातल्या चौघी विधवा आहेत, आणि दोघींना घरकुल मिळालेलं आहे. म्हणजे नवरा गेला तर किंवा सरकारनं अट घातली तर आपलं नाव कागदावर येतं. एरवी येत नाही.

पण थांबा, पावतीवर आणखी एक ओळ असते. खाली बारीक अक्षरात किंवा शाईनं लिहिलेलं असतं, "हस्ते". हस्ते म्हणजे पैसे कुणाच्या हातून आले. तिथं बघा बरं. हस्ते सौ. अमुक, हस्ते श्रीमती तमुक. सापडलं की नाही आपलं नाव? कर त्यांच्या नावाचा आणि हात आपला. कोंबड्या विकून, भिशीतून, घेवड्याच्या पैशातून, दूध घालून आलेल्या हप्त्यातून भरलेली घरपट्टी. त्या "हस्ते"वरूनच मला आज बोलायचं आहे.

आधी हे कागद काय आहेत ते नीट समजून घेऊ. आपल्या तालुक्यात तीन तऱ्हा आहेत. कोरेगाव गावाला 2016 च्या सुमारास नगरपंचायत झाली, रहिमतपूरला नगरपरिषद आहे आणि बाकीच्या गावांना ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीत घराची नोंद असते ती नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं पंचायतीला घरावर कर बसवता येतो आणि तो कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ही वही. नगरपंचायतीत आणि नगरपरिषदेत 1965 चा कायदा लागतो, तिथं कर आकारणीची यादी असते आणि ती चार वर्षांनी नव्यानं करतात. तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. ती यादी लावली की हरकती मागवतात. हरकत आपण घेतो ती कर जास्त लावला म्हणून. नाव चुकलं, नाव राहिलं म्हणून किती जणींनी हरकत घेतली?

नमुना 8 चा उतारा कुणी आणलाय का? हां, द्या इकडं. हा बघा, यात दोन रकाने आहेत. एक मालकाचं नाव, दुसरा भोगवटा करणाऱ्याचं नाव. भोगवटा करणारा म्हणजे जो प्रत्यक्ष त्या घरात राहतो, वापरतो तो. आता मला सांगा, ज्या घरात नवरा मुंबईला माथाडीत, दीर पुण्यात, सासरा जाऊन दहा वर्षं झाली आणि चार भिंतींत राहणारी एकटी बाई, तिथं भोगवटा कुणाचा? पण या उताऱ्यावर दुसऱ्या रकान्यात काय लिहिलंय? "स्वतः". स्वतः म्हणजे कोण, तर पहिल्या रकान्यातला मालक. त्या एका शब्दानं बाई घरात असून घरात नाही.

एक गोष्ट मात्र खरी सांगते, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल ताईंनी आम्हाला भरीस घातलं. नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. ती कराची नोंद आहे. नाव लागलं म्हणजे घर झालं असं होत नाही. मग हा खटाटोप कशाला? तर खेडेगावात दुसरा कागदच नसतो म्हणून. गावठाणातल्या बहुतेक घरांना सात-बारा नाही, खरेदीखत नाही. वीज जोडायची तर नमुना 8, नळ घ्यायचा तर नमुना 8, घरकुलाला नमुना 8, पतसंस्थेत कर्ज काढायचं तर तोच उतारा. ज्याचं नाव त्याला विचारतात. आणि पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, भांडण मिटवायला बसलेले चार प्रतिष्ठित, सगळे पहिल्यांदा म्हणतात, "घर कुणाच्या नावानं आहे?"

ही मागणी आज काल सुचलेली नाही. या सातारा-सांगलीच्या मातीत टाकलेल्या बायकांनी ती पहिल्यांदा मोठ्यानं मांडली. 1980 नंतरच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न पुढं आला. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. इकडे कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून गावोगावच्या टाकलेल्या बायकांना एकत्र केलं. त्या काय मागत होत्या? वेगळं रेशनकार्ड मागत होत्या आणि राहायला जागा. ही दयेची याचना नव्हती, "आम्ही एकेक कुटुंब आहोत" हे कागदावर लिहून घेण्याची मागणी होती. त्या काळी बाई नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या कार्डावर असायची, दोन्हीकडून नाव कमी झालं की ती कुठंच नसायची.

दुसरा धागा शेतकरी संघटनेचा. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावानं करून द्यायचा. काही गावांनी ते केलंही. पुढं 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर त्याच्या हयातीतच सात-बारावर बायकोचं नाव लावता येईल. घराच्या बाबतीत 2003 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामविकास खात्याचं परिपत्रक आलं, घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावानं करावी म्हणून. वीस वर्षांहून जास्त झाली. तुमच्या हातातल्या पावत्यांनीच आत्ता सांगितलं त्याचं काय झालं ते.

का झालं नाही? मी स्वतः एका मैत्रिणीबरोबर अर्ज घेऊन गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "मालकांना विचारलं का?" ती म्हणाली, "त्यांचीच सही आहे." दुसरा प्रश्न, "मग घाई काय आहे? भांडण आहे का घरात?" बघा, गंमत अशी, की नवऱ्याबरोबर बरं चाललंय तेव्हा नाव लावायला गेलात तर म्हणतात घाई काय, आणि भांडण झाल्यावर गेलात तर म्हणतात आधी भांडण मिटवून या. मधे कुठला मुहूर्तच नाही! शेवटी तो अर्ज मासिक सभेपुढं गेला आणि मंजूर झाला. पण तीन फेऱ्या झाल्या, तीन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडाली. हा खर्च कुठल्याही परिपत्रकात लिहिलेला नसतो.

आता माफीचं बोलू, कारण त्यासाठीच निम्म्या जणी आल्यात हे मला ठाऊक आहे. आपला जिल्हा फौजींचा. घरटी एक माणूस पलटणीत, अशी गावं आहेत. 2020 साली राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका घराला मालमत्ता कर माफ केला. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं ती योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. चांगली गोष्ट झाली, मी नावं ठेवणार नाही.

पण एका फौजीच्या बायकोची हकिगत सांगते. नवरा सत्तावीस वर्षांपूर्वी गेला. पेन्शनवर तिनं दोन पोरं वाढवली, पडकी भिंत बांधून घेतली, पत्रा बदलला. घरपट्टी एकही वर्ष चुकवली नाही. माफीचं कळल्यावर दाखला काढला, अर्ज केला. उत्तर आलं, घर तुमच्या नावावर नाही आणि तुमच्या नवऱ्याच्याही नावावर नव्हतं, सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे गेलेले. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. मग आधी वारसनोंद करा, सगळ्यांच्या सह्या आणा. धाकटा दीर म्हणाला, "सही देतो, पण मग पुढची पडवी माझी." नणंदांना वाटलं, वहिनी घर लाटतेय. म्हणजे वर्षाचे हजारएक रुपये वाचवायला गेली आणि पाच घरांशी वाकडं आलं. तिनं अर्ज मागं घेतला. मला म्हणाली, "ताई, माफी नको, पर माणसं ऱ्हाऊ द्यात."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. माफी माणसाला जाहीर होते आणि कागदाला मिळते. ज्याचा कागद सरळ त्याला ती आपसूक मिळते. ज्याचा कागद वाकडा त्याला ती भांडण देऊन जाते. आणि बायकांचा कागद बहुतेक वेळा वाकडाच असतो, कारण तो आपण केलेलाच नसतो.

मोठ्या शहरांत काय आहे बघा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. तिथं कुणी विचारत नाही, घरातला माणूस गरीब का श्रीमंत. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्क्यांची सवलत 1970 पासून होती, मधे काही वर्षं बंद पडली, लोकांनी आरडाओरडा केला, 2023 मध्ये पुन्हा मिळाली. पिंपरी-चिंचवडला घर फक्त बाईच्या नावावर असेल तर सामान्य करात सवलत देतात. राज्यात 2021 च्या महिलादिनी अर्थसंकल्पात जाहीर झालं, की बाईच्या नावानं घर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. त्याला आधी अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये ती अट काढली. माझ्या मते ती अट बरी होती, निदान बाईवर "विक आता" म्हणून दबाव आणणाऱ्याला थोडा आडकाठी होता. इतर काही मैत्रिणींचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, माझ्या मालकीचं घर मी कुणाला विकायचं हे सरकारनं का सांगावं? त्यातही तथ्य आहे. आपण यावर कधीतरी वेगळं बसू.

पण या सगळ्या सवलती शहरातल्या खरेदीखतवाल्या घरांच्या. नव्यानं घर घेणाऱ्याच्या. आपल्याकडं घर कोण विकत घेतं? घर असतं, आजेसासऱ्यांपासून असतं, आणि बाई त्यात लग्न करून येते. तिच्यासाठी मुद्रांकाची सवलत काय कामाची? तिला हवं ते एवढंच, की असलेल्या घरात तिचं नाव. त्याला एक रस्ता आहे, तो सांगून ठेवते. नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीचं राहतं घर त्यानं बायकोला, मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं द्यायचं ठरवलं तर मुद्रांक 200 रुपयांचा आहे. नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा, तो दुय्यम निबंधकाकडं विचारून घ्यायचा. पुष्कळ नवऱ्यांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं लाखभर लागतील.

जरा लांबचं एक सांगते. इंग्लंडात 1869 मध्ये कायदा झाला, की शहरात जो घरपट्टी भरतो त्याला नगरपालिकेचं मत, मग ती बाई असली तरी. बायकांना तिकडं केवढा आनंद झाला. पण 1872 मध्ये कोर्टानं ठरवलं, की हे लग्न झालेल्या बाईला लागू नाही. विधवेनं मत द्यावं, कुमारिकेनं द्यावं, नवरा असलेल्या बाईला मात्र ते नाही. दीडशे वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची गोष्ट. आणि आत्ता या खोलीत हात वर झाले त्यातल्या चौघी विधवा निघाल्या. उलट अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 1845 च्या संविधानात लिहिलं होतं, की विवाहित पुरुषाला राहतं घर बायकोच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. घर त्याच्याच नावावर, पण तिची सही पाहिजे. आपल्याकडं तेवढंही नाही. तुमचा नवरा उद्या त्याच्या मालकीचं घर गहाण टाकून येईल आणि तुम्हाला पतसंस्थेची नोटीस भिंतीवर चिकटलेली दिसेल तेव्हा कळेल.

आता मुलींचं. मघाशी फौजीच्या घरातल्या नणंदा आल्या गोष्टीत, त्यांना दुष्ट करू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 23 होतं. बाप गेला, मुलीला वाटा आहे, पण राहत्या घरात भाऊ राहत असतील तर ते वाटून घेईपर्यंत तिला वाटप मागताच येत नव्हतं. त्या घरात नुसतं राहायचा हक्कसुद्धा कुणाला? अविवाहित, टाकलेली किंवा विधवा मुलगी असेल तरच. नांदत्या मुलीला माहेरचा उंबरा कायद्यानं बंद होता. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राचा कायदा बदलला, सगळ्या मुली आल्या आणि कलम 23 गेलं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की 2005 ला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क आहे.

कायदा पुढं गेला आणि आपण कुठं आहोत? हक्कसोडपत्रावर. रक्षाबंधन झालं, भाऊबीज झाली, की गाडी करून बहिणींना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेतात. सही, अंगठा, साडी-चोळी आणि परत. मीही केलीय सही. हो, मीही. आई म्हणाली, "भावाचा दरवाजा उघडा राहू दे." केली. आज तुमच्यापुढं हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण तुम्हाला शहाणपण शिकवणारीनं आपलंही सांगायला पाहिजे. दरवाजा उघडा आहे, खोटं कशाला बोलू. पण तो उघडा आहे तो वहिनीच्या मर्जीवर, आणि वहिनीचंही नाव त्या घरावर नाही. म्हणजे दोघी बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघतो, आणि घर तिसऱ्याच्याच नावावर.

राहण्याच्या हक्काचं एक सांगते, कारण ते वेळेला कामाला येतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, तिला बाहेर काढता येत नाही. मधे 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या मालकीचं असेल तर सुनेला तो हक्क नाही. 2020 च्या ऑक्टोबरात ते मत त्याच न्यायालयानं बदललं. म्हणजे सासऱ्याच्या नावावरच्या घरातही तुम्ही नांदला असाल तर राहण्याचा हक्क मागता येतो. पण लक्षात घ्या, तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. आणि कोर्टात तुम्ही तिथं राहत होता हे दाखवायला काय लागेल? पावती. "हस्ते" लिहिलेली पावती. म्हणून पैसे भरताना दर वेळी आपलं पूर्ण नाव लिहून घ्या. "घरून कुणीतरी" असं लिहू देऊ नका. गुगल पे वरून भरत असाल तर आपल्या खात्यातून भरा, मुलाच्या नाही.

बांधकाम परवानगीचं थोडं. तुम्हाला वाटेल, परवानगी हा बिल्डरांचा विषय. तसं नाही. 2020 च्या डिसेंबरात राज्यासाठी एकच विकास नियमावली आली, मुंबईसारखी काही ठिकाणं सोडून. कोरेगावलाही तीच. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला पूर्वीसारखी परवानगीची वाट बघत बसावं लागत नाही, कागदपत्रं आणि शुल्क जमा केल्याची पोच हीच परवानगी समजतात. ग्रामीण भागात 2021 मध्ये सरकारनं सांगितलं, की 1600 चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीला कळवलं की झालं, 3200 पर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी पुरे, नगररचनाकाराकडं जायला नको. फार सोपं झालं असं वर्तमानपत्रात आलं. पण त्या "कागदपत्रं जमा" मध्ये पहिला कागद कुठला? मालकीचा. सहहिस्सेदार असतील तर त्यांच्या संमतीचा. फिरून फिरून तिथंच.

आणि ज्यांना गावठाणात जागाच नाही त्या काय करतात? टाकून दिलेल्या, माहेरच्या आश्रयाला असलेल्या, दुसरेपणावर दिलेल्या. त्या गटाचं कर्ज काढून गावाबाहेर एक गुंठा घेतात. एक गुंठ्याची खरेदी होत नाही, तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येतो. मग नोटरीच्या कागदावर व्यवहार होतो. सात-बारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. नकाशात ती जागा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती विभागात. बाई त्यावर दोन खोल्या काढते आणि एक दिवस कळतं, की आपलं बांधकाम अनधिकृत आहे. नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर घरपट्टीच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे, आणि शास्ती भरली तरी घर अधिकृत होत नाही! 2025 मध्ये सरकारनं निवासी भागातले असे जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचं जाहीर केलंय. जिच्याकडं असा नोटरीचा कागद आहे तिनं आज थांबून मला भेटावं. कागद मूळ आहे का, त्यावर तिचंच नाव आहे का, की "हिच्या वतीनं भाऊ" असं लिहिलंय, ते बघू. गेल्या वर्षी अशा एका कागदावर पैसे बाईचे आणि नाव भावाचं निघालं. भाऊ चांगला होता म्हणून निभावलं.

एक पिठाच्या गिरणीची गोष्ट राहिली. पडवीत गिरणी टाकली एकीनं. शिवणकाम, गिरणी, पापड असली घरगुती कामं निवासी भागात चालतात, नियमावलीत तशी सोय आहे. पण आकारणीला आलेल्या माणसानं पडवीचा कर वाणिज्य दरानं लावला. तिनं विचारलं, "गिरणी माझी हाय, मग पडवीवर माझं नाव लावा की." तो हसला म्हणे. मला हे फार आवडलं. कर लावताना तिचं काम दिसलं, नाव लिहिताना दिसलं नाही.

शेवटचं, आणि हे आजचं आहे. तुमच्यातल्या काही गावांत चुन्याच्या रेघा मारून वरून ड्रोन फिरवलं असेल. 2018 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला हे पहिल्यांदा करून बघितलं, आणि 2020 पासून स्वामित्व योजना म्हणून देशभर चालू झालं. गावठाणाची मोजणी होते आणि घरांना मिळकत पत्रिका मिळते. नमुना 8 कच्चा कागद होता, पण मिळकत पत्रिका हा पक्का भूमी अभिलेखाचा कागद. मात्र तिच्यावर नाव येतं ते बहुतांशी आधीच्या नोंदीवरून. म्हणजे पंचायतीच्या वहीत जे राहिलं ते आता पत्रिकेवरही राहणार, आणि ते बदलायला दहापट त्रास. चौकशीसाठी भूमी अभिलेखचे लोक येतात तेव्हा घरात पुरुष नसेल तर "मालक आल्यावर बघू" म्हणून बाई दार लोटून घेते. घेऊ नका. वारस किती, मुली किती, राहतं कोण, हे त्या वेळी सांगायचं आणि लेखी द्यायचं. दिलेल्या कागदाची पोच घ्यायची. नंतर पत्रिका हातात आली की वाचायची, मुदतीत हरकत घ्यायची.

आणि एक आपल्या हातातलं आहे ते विसरू नका. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. या खोलीत तीन सदस्य आणि एक सरपंच बसल्यात, मला दिसतात त्या मागं. ताई, तुमच्या मासिक सभेपुढं नावनोंदीचे अर्ज येतात ना? किती येतात, किती मंजूर होतात, कुठले अडकतात, हे पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या घराचा उतारा घेऊन या. बघू काय लिहिलंय.

बरं, त्या सुतळीवाल्या मावशी कुठं गेल्या? या पुढं. पंधरा वर्षांच्या पावत्या आहेत, सगळ्यांवर "हस्ते"मध्ये यांचंच नाव आहे, मी मघाशी चाळल्या. नवरा आहे, बरा आहे, आज गुरं राखायला थांबलाय. मावशी म्हणतात तो सही देईल. मग उशीर कशाला, कोरा कागद घ्या कुणीतरी. प्रति, मा. सरपंच आणि ग्रामसेवक. विषय, मिळकतीवर पत्नीचं नाव लावण्याबाबत. मावशी, मिळकत नंबर सांगा.